निंभोऱ्याचा दोरा

चूक लोणंदलाच झाली. चप्पल वारीआधी निदान दीड महिना पायात फिरलेली असावी, हे दरवर्षी नव्या वारकऱ्यांना बजावून सांगणारे आम्ही. दिवेघाट चढून गेल्यावर चिखलात जुन्या चपलेचा अंगठा तुटला. मोच्याने घातलेला टाका दोन दिवस टिकला आणि लोणंदच्या बाजारात नवी घ्यावी लागली. कडक पट्टा, जाड तळ. पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही. तरडगाव जवळ आहे आणि मधे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, त्यामुळे चालण्यापेक्षा थांबणंच जास्त. अश्व धावले, टापांखालची माती कपाळाला लावली, पुढे निघालो. पायांनी हिशेब दुसऱ्या दिवशी मागितला.

आळंदीपासून नीरेपर्यंतचे दिवस आता वेगळे काढता येत नाहीत. कुठल्या गावी भाकरीबरोबर ठेचा होता आणि कुठे झुणका, एवढंच उरलंय. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पूल ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात आला. ज्या हैबतबाबांनी या सोहळ्याला आजची शिस्त लावली ते इथलेच, आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदार होते. तळ, कूच, पहारे, चोपदार, अश्व ही सगळी मांडणी फौजेचीच. भक्तीला फौजेची शिस्त कशाला, असं पहिल्या वारीत वाटायचं. पावसात एकदा राहुटी कोसळली की ते वाटणं संपतं.

राहुटीचं सांगतो, कारण रात्रीची झोप तिच्यावर असते आणि दुसरा दिवस झोपेवर. खुंट्या सरळ ठोकायच्या नाहीत. डोकं राहुटीपासून बाहेर झुकलेलं हवं, नाहीतर काळ्या रानात पाऊस झाला की खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. दोर सुती असेल तर सर आल्याबरोबर थोडा सैल करायचा. भिजला की तो आखडतो, आणि मग खुंटी तरी उपटते नाहीतर कापड तरी फाटतं. भोवती वीतभर खोल चर आणि उताराच्या अंगाला त्याला तोंड. तोंड ठेवायला विसरलं की चराचं तळं होतं आणि ते पहाटे अंथरुणात येतं. आमच्याकडे हे तीन वेळा झालंय. तिन्ही वेळा चर खणणारा एकच होता. नाव घेत नाही.

पहाटे अडीचला उठायचं. टँकरपाशी बायकांची आंघोळ आधी, मग पुरुषांची. तीनच्या सुमारास राहुट्या उतरवून ट्रकमध्ये, कारण ट्रक उशिरा सुटला तर पुढच्या तळावर जागा मिळत नाही. काकडा कानावर पडतो तेव्हा अर्धी दिंडी डोळे मिटून टाळ वाजवत असते. त्यात भाव किती असतो हे विचारू नये. नसतो, पुष्कळदा नसतो. तळपाय दुखत असतात, शेजारच्याच्या घोरण्याचा राग डोक्यात असतो आणि तोंडाने रूपाचा अभंग चालू असतो. पूर्वी याची लाज वाटायची. आता वाटतं, नेम आहे तो याच पहाटेसाठी. मन लागलं की म्हणू असं ठरवलं, तर ज्या दिवशी गरज असेल त्याच दिवशी नाम तोंडात येणार नाही.

दिंडी चालते कशी ते आत राहूनच कळतं. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये पखवाज, विणेकरी, मागे तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. एका अंगाने चरण म्हणायचा, दुसऱ्याने तो उचलायचा. दिसायला ही गाण्याची रीत, पण तिच्यात विसावा आहे. समोरचे म्हणत असतात तेवढा वेळ आपल्याला श्वास मिळतो. नवा माणूस उत्साहात दोन्ही बाजूंचं म्हणतो आणि जेजुरीपर्यंत त्याचा घसा बसतो. टाळाची लय पावलाला बांधलेली असते. एकटा माणूस दमला की बसेल, ओळीतला बसत नाही, कारण तो बसला तर ओळ तुटते. माझ्या अंगात त्राण किती, हा प्रश्नच ओळ विचारू देत नाही.

विण्याचं तर आणखी वेगळं. वीणा जमिनीला टेकवायची नाही. विणेकरी दमला की दुसरा पुढे होतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गावाकडच्या सप्ताहात हेच दोन-दोन तासांच्या पहाऱ्याने दिवसरात्र चालतं. रात्री दोनचा पहारा कुणालाच नको असतो. ज्याला तो करायची सवय लागली, त्याला दवाखान्यात कुणाच्या उशाशी रात्र काढणं जड जात नाही.

तरडगाव ते फलटण म्हणजे जवळजवळ वीस किलोमीटर. काळज, सुरवडी. सकाळी पाऊस पडून गेलेला, मोजे ओले. ओल्याने कातडी मऊ होते, वर नव्या पट्ट्याची घासणी, खाली डांबराची धग. फोड येतो तो याच तिघांमुळे. पहिली चुणचुण जाणवली तेव्हाच थांबून तिथे चिकटपट्टी लावली असती, तर पाच मिनिटांत काम झालं असतं. ओळ सुटेल म्हणून थांबलो नाही. वर ओळीचं एवढं कौतुक केलं, तिचा हा तोटाही आहे. निंभोऱ्याच्या अलीकडे उजव्या चवड्याखाली लिंबाएवढा फुगा आणि डाव्या टाचेला दुसरा. बाजूला झालो. दिंडी पुढे गेली. मागून एक सेवेची गाडी आली. तिच्यावर पुढाऱ्याचा हा एवढा फलक आणि कर्ण्यावर सिनेमाच्या चालीतलं भजन. बिस्किटांचे पुडे लोकांच्या अंगावर फेकत गेली. एक पुडा माझ्या फोडावर पडला. तोंडातून जे निघालं ते माउलींनी ऐकलं नसेल तर बरं.

पुढे लिंबाखाली एक मावशी पोत्यावर बसलेल्या. समोर पितळी वाटी, कापूस, रिळाचा पांढरा दोरा, स्पिरिटची बाटली. माणसं एकामागून एक पाय पुढे करत होती. माझी पाळी आली.

"साखर हाय का?"

"नाही, मावशी."

"हाय म्हनला असतास तर त्या डॉक्टरच्या गाडीकडं धाडला असता. साखरवाल्याच्या पायाला म्या हात लावत न्हाई, जखम भरत न्हाई त्यांची." मग चप्पल उचलून पाहिली. "नवी घालून वारीला येत्यात व्हय?"

साबणाच्या पाण्याने पाय धुतला, पुसून कोरडा केला. सुई स्पिरिटमधून काढून फुग्याच्या कडेने आत घातली, जिथे फुगीर कातडी चांगल्या कातडीला मिळते तिथे, आणि समोरच्या कडेने बाहेर काढली. मधोमध भोक पाडलं तर पाऊल टेकल्यावर तेच फाटतं. दोरा उकळून, वाळवून, स्पिरिटमध्ये भिजवलेला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरलं. कापसाने हलकं दाबलं, पाणी संपलं तसा दोरा ओढून काढला. कित्येक जण तो आतच ठेवून चालतात. डॉक्टर नको म्हणतात, कारण दोऱ्यावाटेच घाण आत शिरते. मावशींना हे ठाऊक होतं. वरची कातडी मात्र तशीच ठेवली. "ही सोलू नगंस, हीच तुजी पट्टी." वर मलम, कापसाची घडी आणि पट्टी. पट्टीला सुरकुती पडू दिली नाही, कारण सुरकुतीचा नवा फोड होतो.

दुसरा पाय करताना त्यांनी न विचारता बाजूच्या म्हाताऱ्याचा पाय माझ्या मांडीवर ठेवला. "धर. हालू द्यू नगं." म्हातारबाबा परभणीकडचे. पाय भेगांनी भरलेला, मातीचा. मी धरला. त्यानंतर आणखी चार जणांचे धरले. आपलं दुखणं तेवढा वेळ कुठे गेलं होतं, हे फलटणला पोचेस्तोवर लक्षातही आलं नाही.

पैसे घेईनात. कुठल्या दिंडीच्या, विचारलं. "मला कुठली वारी? घरी मालक पाच वर्सं अंथरुनावर. त्येंचं सकाळचं आवरून येती, दुपारपातुर बसती. वर्साचा हा एक दिस." एवढं बोलून पुढच्याला विचारलं, "साखर हाय का?"

फलटणला रामाचं दर्शन लांबूनच. विमानतळावर तळ. रात्री समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला तसे टाळ थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले, म्हणजे तिची काही तक्रार आहे. ती ऐकली गेली, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, मग आरती. देवापुढे रुसून टाळ वाजवत राहायची सोय हैबतबाबांच्या या शिस्तीत आहे, हे मला फार आवडतं.

आमची दिंडी कृष्णाकाठची, सांगलीकडची. २०१९ ला आषाढी १२ जुलैला झाली, घरी येऊन पाय बरे होतात न होतात तोच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढलं. उंचावरच्या शाळेत माणसं आणली, तेव्हा भिशीची, म्हणजे दिंडीच्या सामाईक स्वयंपाकाची, भांडी ट्रकमधून पुरती उतरलीही नव्हती. कुणी बैठक घेतली नाही. दीडशे माणसांच्या पिठल्याला नऊ किलो बेसन आणि किलोला साधारण सहा लिटर पाणी, हे आचाऱ्याच्या हाताला माहीत. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. कोरडं टाकलं की गाठी. ज्यांना उलट्या-जुलाब झाले त्यांना लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, तेही वारीतलंच. मोजायचा चमचा चहाचा आणि तोही सपाट. मीठ जास्त पडलं तर पाणी उलट बाधतं. बायका आधी, म्हातारे आधी, वाढपी शेवटी. पुढे २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने गेल्या, आम्ही घरी. तेव्हा याच माणसांनी दाराशी डबे ठेवले. आमच्यात एरवी साधू कुणी नाही. भिशीच्या हिशेबावरून दोघं दोन वर्षं बोलत नव्हते, पण पुराच्या पाण्यात एकाच काहिलीला दोन बाजूंनी धरून उभे होते. पाणी ओसरल्यावर पुन्हा बोलणं बंद.

फलटणच्या बाजारात सकाळी दोऱ्याचं रीळ, सुयांचं पाकीट, स्पिरिट आणि कापूस घेतला. जुन्या चपलेला नवा अंगठा लावून घेतला. नवी पिशवीत.

बरडला तळाच्या अलीकडे बांधावर एक कॉलेजातला मुलगा बूट काढून बसलेला. पांढरेशुभ्र बूट, आत मोजे ओले, टाच सुजलेली. शेजारी बसलो, पिशवी उघडली आणि विचारलं, "साखर आहे का?"

"असू दे की, काका," तो म्हणाला, "चहा कसाही चालतो."