फेब्रुवारीतले तीनशे

पगाराची स्लिप माणूस खालून वर वाचतो. आधी हातात किती पडणार ते, मग कुठं किती गेलं ते. त्या कापाकापीत भविष्य निर्वाह निधीचा आकडा दांडगा असतो, इन्कम टॅक्स मार्चपर्यंत छातीवर बसलेला असतो आणि या दोघांच्या मध्ये अंग चोरून एक ओळ उभी असते : व्यवसाय कर, रुपये दोनशे. दोनशे रुपयांसाठी कुणी भांडत नाही. फेब्रुवारीत मात्र तीनशे जातात आणि नवीन लागलेलं एखादं पोरगं अकाउंटच्या टेबलाशी येऊन उभं राहतं. ‘सर, शंभर जास्त कापलेत.’ अकाउंटवाले मान वर न करता म्हणतात, ‘फेब्रुवारी आहे.’ अठ्ठावीस दिवसांचा महिना असल्याचा दंड असावा, अशी समजूत करून घेऊन पोरगं परत जातं.

हिशेब तसा सोपा आहे. वर्षाचे 2500 घ्यायचेत. बारानं भागायला गेलं की पूर्णांक येत नाही, म्हणून अकरा महिने दोनशे आणि एकदा तीनशे. आता 2500च का, तर त्याचं उत्तर थेट राज्यघटनेत आहे. कलम 276. धंदा-व्यवसाय-नोकरीवर राज्यानं कर घ्यावा, पण वर्षाला 250 रुपयांच्या वर जाऊ नये, असं तिथं लिहिलेलं होतं. 1988 साली साठावी घटनादुरुस्ती झाली आणि 250चे 2500 झाले. त्यानंतर सोनं कुठल्या कुठं गेलं, तूरडाळ कुठल्या कुठं गेली, आमचे पगारही थोडेफार सरकले. हा आकडा काही जागचा हलला नाही. परिणाम असा की महिन्याला दहा हजारांच्या वर मिळवणारा शिपाई वर्षाला 2500 भरतो आणि त्याच्या साहेबाचा साहेबही 2500च भरतो. आमच्याकडे ही एकच गोष्ट दोघांना सारखी आहे. बायकांना मात्र 2023च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला माफी मिळाली. ते बरं झालं, आणि त्या माफीवर सगळ्यात आधी बायकांचाच हक्क का आहे, ते पुढं सांगतो.

हा कर महाराष्ट्रात आला 1975 साली. सरकारांना कर बसवायला निमित्त लागतं आणि बहुतेक निमित्तं सांगण्यापुरती असतात. याचं निमित्त खरं होतं. 1972चा दुष्काळ.

मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची अख्खी कालगणना त्या एका सालावर टेकलेली असते : थोरला दुष्काळाच्या आदल्या साली, मधली ऐन दुष्काळात, धाकटा पाणी झाल्यावर. रेशनवर अमेरिकेची मिलो आली होती. तांबडी ज्वारी, जिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे पोटाला आधार म्हणून कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग म्हणजे नाल्यांवरचे मातीचे बांध, आणि जिकडंतिकडं खडी. रस्त्याकडेला ओळीनं बसायचं, पायाच्या दोन बोटांत दगड धरायचा आणि हातोडीनं त्याची खडी पाडायची. उडालेली कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून बाया पदर नाकापर्यंत ओढून घ्यायच्या. खडीचा ढीग नीट चौकोनी रचून ठेवायचा. मग मुकादम येणार, टेप लावणार, ब्रास (शंभर घनफुटांचं माप) काढणार आणि काढता काढता इंच-दोन इंच खाणार. मापात मजुरी होती, त्यामुळं बाईला आणि गड्याला दर एकच. शेतात खुरपायला बाईला कमी आणि गड्याला जास्त हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. तो दगडांच्या ढिगापुढं पहिल्यांदा मोडला.

दुष्काळ सरला, कामं बंद झाली. पण ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना दुष्काळाच्याही आधीची होती. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. त्यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात ती लहान प्रमाणावर करून पाहिली होती. राज्यभर रोजगार हमी सुरू करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा होता. खेड्यातल्या मजुराला कामाची हमी द्यायची तर ती कुणाच्या खिशातून? तर शहरातल्या पगारदाराच्या, दुकानदाराच्या, वकील-डॉक्टरांच्या. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या पदरची घालायची, असंही ठरलं. कायदा 1977चा, लागू झाला 26 जानेवारी 1979ला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता. पुढं देशभरची योजना आली ती 2005च्या कायद्यानं, म्हणजे दिल्लीला हे सुचायला पाव शतक लागलं. विसापूर दिल्लीच्या पुढं होतं, हे आपण फारसं कुठं सांगत नाही.

मला या भानगडीत गंमत वाटते ती तिच्या उलट्या दिशेची. आपल्याकडं कर म्हटलं की धान्य गावातून निघायचं आणि किल्ल्याकडं किंवा शहराकडं जायचं. चौथाई आणि सरदेशमुखी मिळून शंभराला पस्तीस. त्याच्यावर पुन्हा गावोगावच्या पट्ट्या. जुने कागद वाचावेत तर पट्ट्यांची नावं संपत नाहीत. म्हैस पाळली तर म्हैसपट्टी, लग्न केलं तर लग्नटका, विधवेनं पाट लावला तर पाटदाम, आणि कारागिराच्या धंद्यावर मोहतर्फा. (मोहतर्फा म्हणजे आमच्या व्यवसाय कराचा खापरपणजोबाच. सुताराच्या वाकसावर बसणारा कर आता संगणकावर बसणाऱ्यावर बसतो.) निजामाच्या मुलखात तर मराठवाड्याची वसुली मक्त्यानं दिलेली असायची. मक्तेदारानं सरकारात रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढी ओरबाडायची. 1853 साली सालारजंग दिवाण झाला, त्यानं हे मक्ते मोडले आणि पुढं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर आमच्याकडं जमिनीची मोजणी सुरू केली. दिशा तरीही तीच राहिली : गावाकडून वर.

गावाकडं उलटं धान्य नेणारा एकच सरकारी माणूस आपल्याला तोंडपाठ आहे, तो म्हणजे मंगळवेढ्याचा दामाजीपंत. दुष्काळात त्यानं बादशहाची कोठारं लुटवली, बेदरहून पकडून न्यायला शिपाई आले आणि मधल्या वेळात विठोबा महाराचा वेश घेऊन दरबारात जाऊन पैसे भरून आला, पावतीसकट. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. अर्धं आयुष्य अकाउंटमध्ये गेल्यामुळं मला ती लेखाशीर्षाची वाटते. दुष्काळात खर्च करायला तरतूदच नव्हती, म्हणून देवाला यावं लागलं. 1975 साली ती तरतूद झाली.

कर एकदा बसला की त्याचं निमित्त लोक विसरतात, ही रीत मात्र जुनीच. ब्रिटिश मुलखात 1860 साली इन्कम टॅक्स आणला तो सत्तावनच्या बंडाचा खर्च भरून काढायला, आणि पाचच वर्षांसाठी. 1865ला तो खरंच बंदही झाला. मग वेगवेगळ्या नावांनी येत-जात राहिला आणि 1886ला जो मुक्कामाला आला तो गेला नाही. रोजगार हमीचं निमित्तही आता स्लिपवर कुठं दिसत नाही. ते शोधायचं तर दुकान-गाळ्याच्या मालमत्ता कराच्या बिलात बघावं. तिथं शिक्षण करानंतर ‘रोजगार हमी उपकर’ नावाची ओळ अजून असते. आमच्या सोसायटीतल्या एका दुकानदार गृहस्थांनी ती दाखवून मला विचारलं होतं, ‘आम्हाला कशाची हमी देतात हो?’ तुम्हाला नाही, तुम्ही देताय, म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले.

सगळं सुरळीत झालं असं कोण म्हणेल? बोगस हजेऱ्या झाल्या, कागदावर तलाव झाले, निम्म्यावर सोडलेले रस्ते तर प्रत्येक तालुक्यात दाखवता येतात. कर जमला तेवढा कामांवर खर्च होत नाही ही ओरड वर्षानुवर्षं चालली होती. ती खोटी नव्हती.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पंचाहत्तरनंतर त्यांच्याही पगारातून हा कर जाऊ लागला, तेव्हा थोडकेच रुपये. आणि त्याच सुमारास केजजवळच्या खेड्यात माझी मावशी हमीच्या कामावर माती उपसत होती. बहात्तरला ती खडीवर होती, पुढं लग्नानंतर नालाबंडिंगवर. म्हणजे दाजींच्या पगारातून कापलेला पैसा मुंबईला जाऊन, फिरून, मेहुणीच्या हातात येत होता आणि दोघांना त्याचा पत्ता नव्हता. हे कोडं माझ्या डोक्यात जुळलं तेव्हा मी फार खूश झालो आणि दिवाळीत मावशी आली तेव्हा तिला रंगवून सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हंजी दाजीनं मला पोसलं म्हन की.’

‘तसं नाही मावशे. कर होता तो.’

‘आसंल. पर माती म्या उचलली का त्यांनी? सोळा पाट्याला एक खेप कमी धरायचा मुकादम. दाजीला म्हनावं, पैसा तुमचा आसंल, बांध माझा हाय. अजून पानी आडतंय त्याच्यात.’

वडील शेजारी पेपर वाचत होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं.’

मावशीला एवढ्यानं भागणार नव्हतं. तिनं माझ्याकडं मोहरा वळवला. एका आठवड्याची हजेरी तेव्हा मस्टरवर चढलीच नव्हती. मुकादम पुढच्या हप्त्याला देतो म्हणाला आणि बदलून गेला. साल तिला आठवत नव्हतं, गँगमधल्या सगळ्या बायांची नावं मात्र आठवत होती. तू एवढा हिशेबातला म्हनतोस, तर तेवढं बघ, म्हणाली. व्याज नको, मुद्दल दिली तरी चालंल.