आजोबांचे ‘एस-एच-ई-डब्ल्यू’

आठवीच्या इंग्रजी निबंधात मी ‘शो’ हा शब्द ‘एस-एच-ई-डब्ल्यू’ असा लिहिला होता आणि सरांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने इतके जोरात वर्तुळ काढले की कागद फाटला. “हे कुठलं इंग्रजी रे? घरी बनवलंस की काय?” असे त्यांनी विचारले. ते खरोखरच घरचे होते. आजोबा बेळगावच्या कोर्टात कारकून होते, आणि त्यांच्या ट्रंकेतील ‘कारणे दाखवा’ नोटिशींच्या मसुद्यांत हा शब्द सर्वत्र असाच होता. त्याच कागदांवर ‘टु-डे’ मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले होते.

दोन्ही रूपे जुनी होती, चुकीची नव्हती, हे मला फार उशिरा कळले. अठराव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत हे ‘ई’चे रूप सर्रास आढळते आणि कायद्याच्या भाषेत ते पुढेही बराच काळ टिकून राहिले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तर ‘म्युझिक’ आणि ‘पब्लिक’ यांच्या शेवटी ‘सी’नंतर ‘के’ही आहे. हिंडलग्याच्या तुरुंगाला आमच्याकडे सगळे जेलच म्हणतात. त्या शब्दाचे ‘जी-ए-ओ-एल’ हे स्पेलिंग नॉर्मन फ्रेंचमधून आले आणि ‘जे’चे पॅरिसकडच्या फ्रेंचमधून, पण उच्चार दोन्हींचा एकच.

मला सर्वांत खटकतो तो मात्र वेगळाच प्रकार. इंग्रजी कथाकार खेडवळ पात्राच्या तोंडी ‘वॉज’ हा शब्द घालताना तो ‘डब्ल्यू-यू-झेड’ असा लिहितात. वास्तविक सुशिक्षित माणूसही तो शब्द बोलताना जवळपास तसाच उच्चारतो, म्हणजे कानाला काहीच फरक नसतो, केवळ डोळ्यांना ते पात्र अडाणी दिसते. जॉर्ज फिलिप क्रॅप या अमेरिकन भाषाअभ्यासकाने १९२५ मध्ये या युक्तीला ‘आय डायलेक्ट’, म्हणजे केवळ डोळ्यांना दिसणारी बोली, असे नाव दिले. आपण यातून सुटलो आहोत, असे मराठी माणसाने समजू नये. ‘सिंह’ हा शब्द आपण सगळेच ‘सिंव्ह’ असा उच्चारतो, पण कथेतल्या एकाच पात्राच्या तोंडी तो ‘सिंव्ह’ असा छापला, की वाचक त्याला लगेच गावंढळ ठरवतो. सीमाभागातील आमच्या बोलीला पुस्तकी मराठीवाले आधीच हसतात, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागते, हेही कबूल करतो.

ट्रंकेतील मराठी कागदांवर आजोबांनी ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार देऊन लिहिले आहे. ते लिहिले गेले तेव्हा तेच शुद्ध होते. १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आजोबांनी ते नियम मानले नाहीत. माझ्या निकालानंतर त्यांनी पाठवलेल्या पोस्टकार्डावर ‘काळजी करूं नये’ असे लिहिलेले आहे, आणि ‘रूं’वरचे टिंब शाई पसरून चांगले ज्वारीच्या दाण्याएवढे झाले आहे.