झाकणाचे पैसे

बाजारात हल्ली दोन जातींची झाकणं मिळतात. एक उघडण्यासाठी केलेलं आणि दुसरं उघडू नये म्हणून केलेलं. पहिल्याखालचा माल साधारण स्वस्त असतो, दुसऱ्याखालचा महाग, आणि पुष्कळदा दोघांच्याही पोटात मुख्यतः पाणीच असतं. फेसाचा हॅंडवॉश, फरशीवर मारायचा फवारा, प्रिंटरची शाई. महिन्याच्या सामानात ही मंडळी कधी शिरली ते कळलंच नाही. साखर, रवा, तूरडाळ यांच्या यादीत आता 'रिफील' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे कंपनीचं नाव लिहावंच लागतं, कारण एकीचं दुसरीला बसत नाही.

हे न बसणं आमच्या घरात सगळ्यात जास्त खुपतं ते सासूबाईंना. त्या आमच्या बेळगावातल्याच वडगावच्या, विणकरांच्या, मागावरच्या घरातल्या. फ्रॉक घालायच्या वयापासून त्यांनी सुताच्या कांड्या भरल्या आहेत. सूत संपलं की कांडी परत टोपलीत, टोपलीतून चरख्यावर, तिथून भरून मागाच्या धोट्यात. दर खेपेला नवी कांडी विकत घ्या, असं एखाद्या व्यापाऱ्यानं सुचवलं असतं तर शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत त्याला कुणी चहासुद्धा पाजला नसता. त्यामुळे संपलेल्या हॅंडवॉशची बाटली मी कचऱ्याच्या डब्याकडे न्यायला लागले की मागून आवाज येतोच, "अगं, बाटली चांगली हाय की! टाकूलालीस कशाला?"

बाटली खरंच चांगली असते. त्यातही फेसाचा पंप तर भलताच हुशार. एवढ्याशा त्या नळीत दोन कप्पे असतात, एक साबणाच्या पाण्याचा आणि एक हवेचा. वरून दाबलं की दोन्ही एका बारीक जाळीतून एकदम बाहेर पडतात आणि हातावर तयार फेस येतो. म्हणजे करामत साबणाची नव्हे, जाळीची. म्हणूनच आत भरायचा माल पातळ लागतो. एक वाटी साधा लिक्विड साबण, चार वाट्या उकळून गार केलेलं पाणी, आणि फार न हलवता ढवळणं, झालं. घट्ट साबण तसाच ओतला तर जाळी तुंबते, आणि मग 'घरी भरलेलं चालत नाही' म्हणायला माणसं मोकळी होतात.

तळाला थोडं उरलेलं असताना त्यावरच नवीन ओतायचं मात्र नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २००२ मध्ये दवाखान्यांसाठी हात धुण्याचे नियम काढले, त्यांतही हे सांगितलंय. अर्धवट रिकाम्या भांड्यात वरून साबण ओतत राहिलं की जंतू आत वस्ती करतात, आणि हात धुवायच्या साबणातूनच हाताला लागतात. बाटली पुरती संपू द्यायची, धुवायची, सुकवायची, मग भरायची. आमच्याकडे दोन बाटल्या आळीपाळीनं चालतात, एक बेसिनवर असते तेव्हा दुसरी गच्चीत उलटी पडलेली असते.

ट्रकभर पाणी गावोगाव कशाला फिरवायचं, हा प्रश्न कंपन्यांनाही पडतो म्हणा. गोदरेजनं २०१८ मध्ये १५ रुपयांची भुकटीची पुडी काढली. बाटलीत टाका, नळाचं पाणी भरा, हलवा, हॅंडवॉश तयार. लोकांना त्याचं मोठं नवल वाटलं. पण १९३१ साली दांडेकर बंधूंनी धंदा सुरू केला तो शाईच्या पुडीचा आणि गोळ्यांचाच, आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. दौत तुमची, पाणी तुमचं, कंपनीचा फक्त रंग.

घरी भरलेल्या बाटल्यांचा एक घोळ असतो. वरचं लेबल आणि आतला माल यांची फारकत होते. आमच्या फळीवर बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी आहे, कॉफीच्या बरणीत खायचा सोडा आहे, आणि घरातल्या कुणाचाही हात चुकत नाही. बेळगावकरांना एरवीही हे जड जात नसावं. १ नोव्हेंबर २०१४ ला आमच्या गावाचंच लेबल बदललं, बेळगावचं बेळगावी झालं, दुकानांच्या पाट्यांवर आता ६० टक्के कन्नड लागतं, आणि आत पाऊल टाकलं की "काय पायजे, वैनी?" ते आहेच.

पण मोहरीला जे चालतं ते आम्लाला चालत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याच्या तळाशी उरलेल्या घोटभर मालावर कुणी ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरं केवढी असतात ते सांगायला नको. म्हणून ती एक बाटली मी सासूबाईंची नजर चुकवून भंगारात घालते. फिनेल आम्ही गल्लीतल्या स्त्रीशक्ती संघाच्या बायकांकडून कॅनमधून भरून आणतो, तेही फिनेलच्याच जुन्या बाटलीत. थंड पेयाच्या बाटलीत फिनेल घेणारी माणसं बघितली की मला राग येतो, मग त्यांच्या घरी लहान पोर असो नाहीतर नसो.

नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे फरशी पुसायचा एक मॉप मिळतो, त्याच्या दांड्यालाच फवाऱ्याची बाटली उलटी बसवलेली असते. बाटली संपली की नवी आणायची, कारण झाकण फिरवून निघतच नाही. आत प्लास्टिकचे दात असे काढलेले की झाकण एकदा बसलं की उलटं फिरू देत नाहीत. त्यावर तिथल्या मंडळींनी तोड काढली आहे. पातेल्यात पाणी उकळायचं, बाटली उलटी धरून नुसतं झाकण दोनेक मिनिटं त्यात बुडवायचं, प्लास्टिक मऊ पडलं की टॉवेलानं पकडून पिळायचं. निघालं की सुरीनं दात तासून टाकायचे, मग ती बाटली हवी तेव्हा उघडते. भाच्यानं हे सगळं व्हिडिओ कॉलवर मोठ्या अभिमानानं करून दाखवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीचं झाकण आमी तसंच काढतोय की. त्याला अमेरिकेला कशाला जायला पायजे?"

मला मात्र त्या दातांचंच नवल वाटत राहिलं. कुणीतरी पगार घेऊन, टेबलाशी बसून, ते दात कागदावर काढले असतील. किती खोल असावेत, कोणत्या बाजूला कललेले असावेत, यावर मीटिंग झाली असेल. औषधाच्या बाटलीचं झाकण पोरांना उघडता येऊ नये असं करतात, ते समजतं. इथे पोर कोण? विकत घेणारा! आमच्याकडे मिळणाऱ्या बहुतेक स्प्रे मॉपची बाटली सरळ उघडते, आणि न उघडणारी कधी आलीच घरात तर उद्यमबागेत लेथवर काम करणारे आमचे भाऊजी आहेत. फौंड्री आणि मशीनशॉपच्या गावाला प्लास्टिकच्या दातांनी भ्यायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

या धंद्याची गोष्ट निघाली की जिलेटचं नाव हमखास येतं. वस्तरा जवळजवळ फुकट वाटला आणि पात्यांवर कमावलं म्हणे. ऐकायला छान, पण घडलं ते उलटं. कंपनी काढणाऱ्या किंग जिलेटला पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि पेटंट हातात होतं तोवर वस्तऱ्याची किंमत होती ५ डॉलर, त्या काळाच्या मानानं भरपूर. १९२१ मध्ये पेटंट संपलं, दुसरेही तसाच वस्तरा करू लागले, तेव्हा कुठे वस्तरा स्वस्त झाला आणि कमाई पात्यांकडे सरकली. तरी त्या दुधारी पात्याचा एक मोठेपणा होता. कुठल्याही कंपनीचं पातं कुठल्याही वस्तऱ्यात बसायचं. माझ्या सासऱ्यांनी एकच वस्तरा आयुष्यभर वापरला आणि पाती जिथे स्वस्त मिळतील तिथून घेतली. पेटंटला निदान मुदत असते, झाकणाच्या दातांना ती नसते.

झाकणात नुसते दातच नव्हे तर अक्कलही घालायची, ही युक्ती प्रिंटरवाल्यांची. कार्ट्रिजवर नखाएवढी चिप असते. शाई संपली की ती प्रिंटरला तसं सांगते, आणि तुम्ही सिरिंजनं शाई भरलीत तरी आपलं म्हणणं सोडत नाही. लेक्समार्क कंपनी तर वापरलेली कार्ट्रिजं भरून विकणाऱ्यांविरुद्ध पेटंटचा दावा घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ३० मे २०१७ ला निकाल लागला. एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, पुढे ती भरायची की फोडायची हे पेटंटच्या जोरावर ठरवता येणार नाही.

आमच्या कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्यांनी या निकालाची वाट बघितली नव्हती. त्यांच्या टेबलावर एचपीचा १०२० लेझरजेट असतो, त्यात १२ए कार्ट्रिज. या कार्ट्रिजला चिपच नाही, म्हणून ते देशभरच्या टायपिंग-झेरॉक्सवाल्यांचं लाडकं. नवीन घेतलं तर दोनेक हजार पानं निघतात, आणि मग भरणाऱ्या पोराला बोलावतात. मी एकदा मुलांच्या परीक्षेचे पेपर काढायला गेले होते तेव्हा तो कामात होता. वर्तमानपत्र पसरून त्यानं कार्ट्रिजच्या पिना काढल्या, दोन भाग वेगळे केले, हिरवा ड्रम पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवला, कारण उजेड लागला की तो बिघडतो. मग वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा केला. घरी भरणारे नेमकं हेच विसरतात आणि मग पानावर काळे पट्टे येतात. नवीन पावडर ओतून, जोडून, त्यानं मला सांगितलं, "आक्का, पदराला लागलं तर गार पाण्यानंच धुवा हां. गरम घातलं की ते वितळून कापडात बसतंय." त्याच्या नाकपुड्या काळ्या होत्या. मास्क खिशात होता.

शाईच्या प्रिंटरची गोष्ट आणखी मजेची. इंडोनेशियात लोकांनी घरच्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्या जोडायचा सपाटा लावला. शेवटी एप्सननं २०१० मध्ये तिथेच टाकीवाला प्रिंटर काढला. कार्ट्रिज नाही, बाटलीनं शाई ओता. लोकांचा जुगाड कंपनीच्या डब्यात घालून परत लोकांनाच विकला. अर्थात मशीनची किंमत वाढली. पैसे झाकणातून निघून डब्यात गेले, एवढंच. तरी मला हा व्यवहार जास्त सरळ वाटतो. काय ते एकदाच, समोरासमोर घ्या.

पाण्याच्या फिल्टरमधली पहिली गाळणी दहा इंची मापाची असेल तर ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण काही नव्या यंत्रांत हे माप वेगळं ठेवायची काळजी घेतलेली असते. आणि राकसकोपच्या तलावाचं पाणी पिणाऱ्या आमच्या गावाला क्षार काढणारा आरओ हवाच कशाला, हा आणखी वेगळा प्रश्न. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असले तर आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाला ते चालतात. आमच्याकडे आरओ नाही. न बसवलेल्या यंत्राचं रिफील सगळ्यात स्वस्त पडतं.

डासांच्या मशीनची बाटली मात्र मी कुणालाही भरू देत नाही. रॉकेलमध्ये कापूर विरघळवून त्यात ओतायची टूम आमच्या नात्यातही आली होती, ऐन पावसाळ्यात. त्या बाटलीतल्या औषधात ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं कीटकनाशक मोजून घातलेलं असतं, ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं, आणि वातीचं टोक रात्रभर तापत असतं. तिथे रॉकेल ठेवायचं आणि शेजारी बाळ झोपवायचं? काही रुपयांसाठी?

वाचतात किती, हे विचारलं की आमच्याकडे वही निघते. ह्यांची वही. वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे असं ठरलं होतं. मी दिवाळीच्या आधी डबा उघडला तर आत नरसाळं, सिरिंजा, रबरी हातमोजे आणि शाईच्या चार बाटल्या यांची बिलं नीट घडी घालून ठेवलेली. पैसे पुढच्या वर्षापासून वाचायला लागतील, असं ह्यांचं म्हणणं. सासूबाईंचा हिशेब त्याहून साधा. त्यांच्या मते बाटली वाचली, ती काय कमी आहे?

परवा त्या वाचलेल्या बाटलीच्या पंपाची स्प्रिंग गेली. रविवार पेठेत एक दुकान आहे, तिथे हॅंडवॉश, फिनेल, भांड्यांचा साबण, सगळं कॅनमधून सुटं मिळतं, आणि दारात रिकाम्या बाटल्यांची ओळ मांडलेली असते, पंपासकट. मी म्हटलं, नुसता पंप द्या.

"नुसता नाही मिळत, वैनी. बाटलीसंगटच घ्यायला पायजे."

"का? कंपनीचा नियम आहे का?"

"कंपनी कुठली? माझाच."

मी दोन्हींचे पैसे दिले, पंप फिरवून काढला, पर्समध्ये टाकला आणि बाटली त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं. त्यानं ती फडक्यानं पुसली, खालच्या खोक्यातून एक नवा पंप काढून तिला लावला आणि परत ओळीत मांडली.