उंच उडी आणि गळा

वर्गाच्या, फळ्याच्या, बाई-सरांच्या आठवणी या स्मरणिकेत भरपूर येतील. मी आवाज शिकवण्याचं काम करतो, म्हणून माझ्या वाट्याची जागा एका गायकासाठी वापरतो. शाळेत मैदानावरची मुलं वेगळी आणि संगीताच्या खोलीतली वेगळी, अशी वाटणी आपण नकळत करतो. ती किती खोटी आहे, हे अमेरिकन गायक जॉनी मॅथिस यांच्याकडे पाहिल्यावर कळतं.

मॅथिस यांचा जन्म १९३५ चा, टेक्सासमधला; वाढले सॅन फ्रान्सिस्कोत. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ते खेळाच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाले. व्हायचं होतं इंग्रजी आणि पी.टी.चे शिक्षक. उंच उडीत त्यांनी १.९७ मीटर पार केले. १९५२ चा ऑलिंपिक विक्रम २.०४ मीटर होता, म्हणजे फरक सात सेंटिमीटरचा. पाठ खाली करून बार ओलांडायची अमेरिकन उडीपटू डिक फॉसबरीची पद्धत जगापुढे आली १९६८ मध्ये. पन्नाशीच्या दशकातले उडीपटू पोट बारकडे ठेवून जायचे आणि पडायचे वाळूत नाहीतर लाकडाच्या भुशात.

१९५६ मध्ये ऑलिंपिक निवड चाचणीचं आणि कोलंबिया रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचं अशी दोन बोलावणी एकाच सुमारास आली. वडिलांशी बोलून त्यांनी गाणं निवडलं आणि ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्क गाठलं. त्याच चाचणीत चार्ल्स ड्यूमास यांनी उंच उडीत जगात पहिल्यांदा सात फूट (२.१३ मीटर) ओलांडले, हेही लक्षात ठेवावं.

ही गोष्ट ‘खेळ सोडला आणि गायक झाला’ अशी सांगितली जाते. ते खरं नाही. वडिलांनी २५ डॉलरला जुना पियानो आणला होता आणि गाणंही घरीच शिकवायला सुरुवात केली होती. तेराव्या वर्षापासून कॉनी कॉक्स या शिक्षिकेकडे सहा वर्षं स्वराभ्यास चालला. फी म्हणून तिच्या घरची पडेल ती कामं. १९५५ मध्ये एका क्लबमध्ये कोलंबियाचे जॉर्ज अवाकियन यांनी त्यांना ऐकलं, तेव्हा गळा तयार होता. मैदान चालू असतानाच गाण्याचा पाया भरला जात होता. दुसरी वाट धरू पाहणाऱ्या खेळाडूला मी हेच सांगतो: खेळ संपल्यावर सुरुवात करू नकोस, आजपासून रोज वीस मिनिटं दे.

आता गळ्याचं. उडी घेण्याच्या क्षणी खेळाडू श्वास कोंडतो. स्वरयंत्र घट्ट मिटतं, पोट आवळतं, धड खांबासारखं ताठ होतं. उडीला ते हवंच. गाताना मात्र हीच सवय घात करते. षड्ज, म्हणजे सा, लावण्याआधीच गळा मिटलेला असतो, त्यामुळे स्वर धक्क्याने फुटतो. वरच्या स्वरांना हनुवटी उचलली जाते, जबडा आवळतो. कमावलेलं पोट सतत ताणून धरलं की श्वासपटल खाली उतरत नाही आणि भरपूर दम असलेला खेळाडू दोन ओळींत धापा टाकतो. हवा कमी नसते, ती सोडता येत नसते.

यावर उपाय साधा आहे, पण रोज करायला हवा. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवायचे. चार मात्रांत नाकाने श्वास घ्यायचा. बरगड्या बाजूला उघडल्या पाहिजेत, खांदे हलता कामा नयेत. मग ‘स्स्’ असा एकसारखा सोडायचा. सुरुवातीला १५ सेकंद, महिन्याभराने २५. आकडा वाढवण्याच्या हट्टात शेवटी पोट पिळलं, तर ती फेरी धरायची नाही. खेळाडूंना हे जड जातं, कारण त्यांना शेवटच्या थेंबापर्यंत जायची सवय असते. पुढची पायरी सरबताच्या नळीची: ग्लासात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, नळीचं टोक पाण्यात, आणि ‘ऊ’कारात सा ते प, परत सा. बुडबुडे सलग आले पाहिजेत. नळीतून उलटा येणारा दाब स्वरतंतूंना एकमेकांवर जोरात आपटू देत नाही. काळी एक या पट्टीतल्या षड्जावर पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा मिटतात. म्हणून ते कसे मिटतात याला इतकं महत्त्व.

व्यायामशाळेत वजन उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. गायचं असेल त्या दिवशी रियाज आधी, वजनं नंतर. आपली कबड्डी उंच उडीपेक्षा गाण्याच्या जवळची आहे: ३० सेकंदांची चढाई, एकच दम, शब्द सलग. तो शब्द गळा चिरून ओरडला की नुकसान होतं.

मॅथिस यांचा पहिला अल्बम जॅझच्या वळणाचा होता. तो फारसा खपला नाही. मग कोलंबियाचे निर्माते मिच मिलर यांनी त्यांना हळुवार प्रेमगीतांकडे वळवलं. १९५८ चा निवडक गाण्यांचा अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत ४९० आठवडे राहिला. नऊ वर्षांहून जास्त!

आणि ही प्रेमगीतं गाणारा माणूस समलिंगी होता. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये स्त्री-पुरुष कळत नाही, आपल्याकडे ‘तू आलीस’ की ‘तू आलास’ हे क्रियापदच सांगून टाकतं. ती आडोशाची जागा मराठी गायकाला नाही. त्याच वेळी गवळण आणि विराणी बाईच्या तोंडची असून पुरुष शतकानुशतकं गात आले आहेत, हेही आपलंच. मॅथिस तरुण असताना कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध गुन्हा होता. तो कायदा १९७६ मध्ये रद्द झाला. १९८२ मध्ये एका मासिकाने त्यांचं समलिंगी असण्याबद्दलचं बोलणं छापलं आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे २०१७ मध्ये ते टीव्हीवर मोकळेपणाने बोलले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हा गुन्हा काढून टाकला. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट समलिंगी आणि इतर एलजीबीटी लोकांसाठी काम करतो आहे, आणि रेनबो व्हॉइसेस मुंबई हे त्यांचं वृंदगायनाचं पथकही आहे. आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला ही दोन नावं हवी असतील, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

मे २०२५ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, मॅथिस यांनी कार्यक्रम थांबवले.

आता शाळेला एक विनंती. क्रीडा सप्ताह आणि स्नेहसंमेलन बहुधा पाठोपाठ येतात. संघाला ओरडून चिअर करणारी मुलगी, चढाया करणारा मुलगा, संध्याकाळी स्टेजवर गाण्याला तेच उभे राहतात आणि आवाज बसतो. दोन्ही कार्यक्रमांत किमान चार दिवसांचं अंतर ठेवा. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांचं गाणं दोन स्वर खाली घ्या, तार सप्तक लादू नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर काढा-गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. आणि संगीताच्या खोलीची एक किल्ली क्रीडाशिक्षकांकडेही राहू द्या.