दुधाचा हिशेब लिहिलेला लिफाफा

ठाण्यात कोर्ट नाक्यावर टायपिंगला बसून मला बावीस वर्षं झाली. वकील सांगतात, मी बडवते. पण एखाद्या वकिलाचं स्वतःचंच अपील टाइप करायची वेळ पहिल्यांदाच आली.

साहेब ४ ऑगस्टला आले तेव्हा काळा कोट नव्हता, चौकड्यांचा शर्ट होता. कुणा पक्षकाराने तक्रार केलेली, राज्य बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, शिस्तपालन समितीने वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी निलंबित केलेली. खरं-खोटं मी विचारलं नाही. म्हणाले, "ताई, विलंब माफीचा अर्ज घ्या. दोन दिवस उशीर झालाय." आदेशावर तारीख ३ जूनची. तिथून अपिलाचे साठ दिवस मोजले तर २ ऑगस्ट.

"हातात कधी पडला साहेब?"

ते गप्प. लोकांच्या मुदती बोटांवर मोजणारा माणूस, पण स्वतःवर आलं की डोकं चालत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३७ मध्ये साठ दिवस आहेत ते आदेश कळवल्याच्या तारखेपासून, आदेशावरच्या तारखेपासून नाही. तो कधी कळवला आणि अपील मुदतीत कसं बसतं, हे मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जातच, लिहावं लागतं.

वहिनींना फोन लावला. लिफाफा त्यांनी टाकला नव्हता, मागे दुधाचा हिशेब लिहिला होता! पोस्टाचा शिक्का १९ जूनचा, घरी आला त्याच दिवशी. म्हणजे १८ ऑगस्टपर्यंत वेळ. माफीचा अर्ज आणि त्याचं अ‍ॅफिडेव्हिट, दोन्हींची गरजच उरली नाही.

आता अपील कुठे? आमच्या रांगेतला प्रत्येक जण "हायकोर्ट" म्हणाला. कायद्यातली अपिलाची वाट हायकोर्टातून जातच नाही. आधी दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिथे हरलात तर कलम ३८ खाली थेट सुप्रीम कोर्ट, पुन्हा साठ दिवसांत.

आणि खरी मेख कलम ४० मध्ये. अपील दाखल झालं म्हणून निलंबन थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, सबळ कारण दाखवून. तोवर कुठल्याही कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नाही. साहेबांना हे ठाऊक होतं, तरी तो परिच्छेद त्यांनी मला तीनदा बदलायला लावला. घरचे हप्ते, चालू केसेस, सगळं घातलं. मग हप्ते काढले. मग परत घातले.

अपील रजिस्टर्ड पोस्टाने चालतं, पण शेवटच्या दिवसाच्या आत तिथे पोचायला हवं, नुसतं इथून टाकून भागत नाही. म्हणून साहेब स्वतःच गेले, कल्याणहून राजधानीने. आदेशाची सर्टिफाईड कॉपी आणि प्रतींचे गठ्ठे एका जुन्या सूटकेसमध्ये.

लिफाफ्याची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी जोडली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, मागची बाजू पण? हो म्हटलं. दिल्लीला गेलेल्या त्या संचात 'सोमवार दीड लिटर, मंगळवार खाडा' हेही आहे.