तुम्ही विचारलंत म्हणून: सही तुमची, मग विरोध कसला?

"मॅडम, सीडीसीवर तुम्ही होतात ना? मग तत्त्वज्ञान स्पेशल बंद कसं होऊ दिलंत? सही तर तुमचीच दाखवतात!" माजी विद्यार्थी विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात. परवा डेक्कनच्या बसथांब्यावर एका मुलीच्या आईनेही विचारलं. एकदाच नीट सांगते. स्पेशल म्हणजे पदवीला मुख्य विषय म्हणून घ्यायचा विशेष स्तर.

सीडीसी म्हणजे महाविद्यालय विकास समिती. तिच्यावर शिक्षकांनी निवडून दिलेले तिघं असतात, त्यात किमान एक महिला. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात तशी तरतूद आहे. त्याच समितीवर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि संस्थेने नेमलेले चार स्थानिक सदस्य. नवे अभ्यासक्रम, नवी पदं यांची समिती फक्त शिफारस करते, ठरवते संस्था. गणेशखिंडीत, म्हणजे पुणे विद्यापीठातही फार वेगळं नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांतून निवडून जातात ते तिघंच, बाकी बहुतेक नेमलेले नाहीतर स्वीकृत. तेव्हा "सगळं प्राध्यापकांच्याच हातात असतं" हे कृपा करून मला ऐकवू नका.

आता ती सभा. कार्यपत्रिका आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आली. अंदाजपत्रक, नॅकच्या मूल्यांकनाची तयारी, पार्किंगची शेड. आमच्या तत्त्वज्ञान विभागाचा उल्लेखही नाही. शेवटी नेहमीची ओळ, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय". चहा होऊन गेला, दोघं-तिघं घड्याळ बघायला लागले, तेवढ्यात सचिवांनी फाईलमधून टाइप केलेला कागद काढला. विद्यार्थिसंख्येअभावी पुढील वर्षापासून विशेष स्तर बंद करावा. ठराव आधीच टाइप होऊन आलेला! मी म्हटलं, विभागाची बैठक झालेली नाही, विषय पुढच्या सभेत घ्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण तीन मुलांसाठी वर्ग चालवायचा का?" आमच्यातले एक सर मान खाली घालून बसले. त्यांची प्रमोशनची फाईल तेव्हा ऑफिसात अडकली होती, मी त्यांना बोल लावणार नाही. दुसऱ्या मॅडम बोलायला लागल्या, तोवर आभार मानून झाले होते.

इतिवृत्त आलं, "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर". पुढच्या सभेत ते कायम करायची वेळ आली तेव्हा मी लेखी असहमती दिली. प्राचार्यांनी कागद घेतला आणि "दप्तरी ठेवतो" म्हणाले. तुम्हाला दाखवली जाते ती माझी सही उपस्थितीपत्रकावरची आहे. सभेला हजर होते, म्हणून केली.

मुलं तीनच होती, हेही खरं. अध्यक्षांच्या प्रश्नाला खर्चाच्या हिशेबात बसेल असं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण मुलं का आटली हे कुणी विचारलं? विभागातली जागा निवृत्तीनंतर भरलीच नाही. तास सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्यांवर ढकलले, दर वर्षी नवा माणूस. ज्या विषयाला शिक्षक टिकत नाही, तो मुलं कशाच्या भरवशावर घेतील? आणि ज्या सीएचबीवरच्या सरांचे तास त्या ठरावाने गेले, त्यांना समितीच्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हतं, कारण मत फक्त पूर्णवेळ शिक्षकांना. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

नोकरीला लागले तेव्हा मी ठामपणे म्हणायचे की शिक्षकाने वर्गात शिकवावं, समित्या हौशी लोकांना सोडाव्यात. तेव्हाची मी आज समोर आले तर विचारीन, एवढ्या सभांना बसून पदरात काय पडलं? दप्तरातला एक कागद. तो नसता तर आमच्या विभागाने विरोध केला होता याचा पुरावाच उरला नसता, असं मी तिला सांगेन. तिला ते पटणार नाही. कधीकधी मलाही पटत नाही.

नव्या समितीची निवडणूक जवळ आली आहे. उभं राहायचं की नाही, अजून ठरत नाही. राहिले तर एकच मागणी घेऊन राहीन: कुठलाही विषय बंद करायचा प्रस्ताव ऐनवेळी यायचा नाही, आणि त्याआधी विभागाचं म्हणणं लेखी घ्यायचं, सीएचबीवरच्यांसकट.