आवंढा गिळला आणि स्कॅन फसला

खालची दाढ काढून पाच-सहा महिने झाले होते. तिथे इम्प्लांट बसवायचं, तेही संगणकावर आधी आखून, असं ठरलं. संगणक म्हटल्यावर चुकायला वावच नाही, अशी माझी भाबडी समजूत.

त्यासाठी आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. त्याचं यंत्र डोक्याभोवती एकच फेरी मारतं. काही सेकंदांचं काम. "हलू नका, गिळू नका," म्हटलं की नेमकी तेव्हाच तोंडात लाळ जमते. मी आवंढा गिळला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा हाडाची कड एक नव्हे, दोन दिसत होत्या, सावलीसारख्या. त्यात शेजारच्या दाढांवरच्या धातूच्या कॅपमधून पांढरे पट्टे फुटलेले; दाताचा आकारच कळेना.

"चालणार नाही का एवढं?" मी विचारलं. पुन्हा एक्स-रे नको होता. मग त्यांनी समजावलं ते मला आजही लख्ख आठवतं. तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दातांचा वेगळा स्कॅन घेतात आणि तो दातांच्या आकारावरून सीबीसीटीवर बसवतात. हाडात ड्रिल कुठे आणि कसं जावं ते ठरवणारा, दातांवर बसणारा प्लास्टिकचा साचा म्हणजे गाइड; तो छापतात या दुसऱ्या स्कॅनवरून. म्हणजे जुळणी सरकली तरी गाइड दातांवर चपखलच बसणार. भोक तेवढं भलतीकडे पडणार! खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिथूनच जाते. तिच्यापासून 2 मिलिमीटर तरी लांब राहायचं असतं आणि सगळं नीट होऊनही टोकाशी एखाद मिलिमीटरचा फरक पडू शकतो.

मुकाट्याने दुसऱ्यांदा उभा राहिलो. या वेळी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये कापसाच्या गुंडाळ्या, कपाळाला पट्टा आणि आत जाण्याआधीच आवंढा गिळून घेतलेला. जुळणी कॅप नसलेल्या दातांवरून केली. सीबीसीटीच्या करड्या चित्रातल्या दाताच्या कडेवर दुसऱ्या स्कॅनची हिरवी रेघ तंतोतंत बसलेली मी स्वतः पाहिली.

शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी सर्वाधिक वेळ घालवला तो गाइड बसवण्यात. त्याला बारीक खिडक्या असतात. त्यांतून दाताचं टोक प्लास्टिकला टेकलंय का ते पाहिलं, बोटाने दाबून डुगडुगतोय का तेही. ड्रिलिंग त्यामानाने लगेच उरकलं.

संध्याकाळी भूल उतरेपर्यंत मी दर दहा मिनिटांनी खालचा ओठ चिमटीत धरून पाहत होतो. आठच्या सुमारास चिमटा लागला.